पात्रातली भाकरी

भोरच्या बोर्डिंगात राहून शिकलेल्या कुणालाही विचारा, कुंडलिकमामांची भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर आली की कशी टम्म फुगायची, ते तो हाताचा पंजा उघडून दाखवेल. मामा मूळचे विंझरचे, आडनाव रणपिसे. अंगानं काटकुळे, बोलणं बेताचं. पोरं जेवत असताना ते कधी बसायचे नाहीत. चुलीपाशी उभं राहून पंगतीवर नजर ठेवायची आणि कुणी भाकरी मागायला तोंड उघडायच्या आत त्याच्या ताटात भाकरी पडायची, ही त्यांची रीत. ‘पोराला मागायला लावू ने,’ एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं. नवीन आलेला एखादा पोरगा लाजून अर्धपोटी उठू लागला, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते त्याला परत खाली बसवत.

या रीतीला कारण होतं. मामा लहान असताना विंझरात येसकरकीची, म्हणजे गावच्या राखणीची पाळी त्यांच्या घरी आली, की त्यांची आई साळूबाई दिवेलागणीला दुरडी घेऊन गावात निघायची आणि कुंडलिक तिच्या मागोमाग. अंगणाच्या कडेला उभं राहायचं, ‘भाकर वाढा, माय’ म्हणून हाक द्यायची आणि थांबायचं. कुणी लगेच यायचं, कुणी घरातली जेवणं उरकल्यावर. भाकरी वरून दुरडीत पडायची. कधी नेम चुकून मातीत पडायची. मग साळूबाई ती उचलायची, पदरानं झटकायची आणि दुरडीत ठेवून पुढच्या दाराकडे वळायची. पुढं वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला आणि भाकर मागणं त्या दिवसापासून सोडलं. साळूबाईनं दुरडीत शेण्या ठेवायला सुरुवात केली. त्या साली घरात उपास पडले, पण दुरडी गावात गेली नाही. मामा बोर्डिंगात स्वयंपाकी म्हणून लागले ते त्याच सुमाराला.

त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको फुलाबाई लवकर गेली. बहीण बनाबाई तिच्यामागून गेली, ती सोपान नावाचं पोर मागं ठेवून. सोपान मामांच्या चुलीपाशीच वाढला. पिठाच्या डब्यावर पाटी ठेवून त्यानं बाराखडी गिरवली, भोरलाच मॅट्रिक झाला, आणि पुढं भिक्खू व्हायचं त्याच्या मनानं घेतलं.

साल चौऱ्याहत्तरच्या आगेमागे पुण्यातल्या एका समितीनं तीन तरुण थायलंडला धाडायचं ठरवलं. उत्तरेकडच्या चिआंग माई गावातल्या एका विहारानं त्यांना शिकवायचं कबूल केलं होतं. तिघांत सोपान होता. समितीचे चिटणीस आनंदराव मोठे काळजीवाहू गृहस्थ. परक्या मुलखातल्या अन्नानं पोरांची पोटं बिघडली तर, या विचारानं त्यांना झोप येईना. ते भोरला आले आणि मामांना म्हणाले, “कुंडलिकराव, तुम्ही बरोबर जा. पोरांना आपलं अन्न मिळालं पाहिजे.”

“विमानात चूल नेऊ देत्यात का?” मामांनी विचारलं.

“चूल तिकडं मिळेल हो.”

मामा गेले. पण भिक्खू झालेला माणूस स्वयंपाक्याच्या हातचं जेवत नाही, सकाळी पात्र घेऊन गावात फिरतो आणि लोक वाढतील ते खातो, ही गोष्ट ना आनंदरावांच्या ध्यानात आली, ना समितीतल्या कुणाच्या, ना मामांच्या. पुस्तकात ती सगळ्यांनी वाचली किंवा ऐकली होती. सोपानच्या बाबतीत ती खरी होईल, असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

पहिले काही महिने बरे गेले. पोरं पांढऱ्या कपड्यात शिकत होती आणि मामांच्या हातचं भात-वरण जेवत होती. मग तिघांनी चीवर घेतलं, भिक्खू झाले. दोघांना पुढच्या अभ्यासाला बँकॉकला नेलं. सोपान तिथंच राहिला, आणि पहिल्याच सकाळी मामांनी त्याला पाहिलं. डोकं तुळतुळीत, पाय अनवाणी, छातीशी पात्र, खाली नजर. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका बाईसमोर तो थांबला. तिनं पात्रात भात घातला. तो पुढच्या दारी गेला, तिथंही थांबला.

मामा तिथूनच मागं फिरले.

दुपारी ते सोपानच्या खोलीपाशी गेले. दाराशी उभं राहूनच बोलले.

“तुझ्या आज्जीनं दुरडी टाकली ती यासाठी का रं?”

“मामा, ही भीक न्हाई,” सोपान म्हणाला. “भिक्खू मागत न्हाई. तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. नुसतं हुबं ऱ्हायचं. द्यायचं का न्हाई, ते देणाऱ्याच्या मनावर.”

“आमी तरी काय हात धरीत हुतो कुणाचा?”

“तसं न्हवं. देणाऱ्याला पुण्य मिळावं म्हणून—”

“शिळी भाकर टाकणारेबी हेच म्हणत आसतील,” मामा म्हणाले.

सोपानला राग आला होता की वाईट वाटलं होतं, ते त्याच्या तोंडावरून मामांना कळेना. आधी ते नेहमी कळायचं. काही दिवस मामांनी विहारातच त्याच्यासाठी ताट वाढून नेलं. भिक्खूंना तसं वाढायलाही चालतं. पण मग सोपाननं त्या उन्हाळ्यापुरतं एक व्रत घेतलं, की सकाळी रस्त्यावर पात्रात पडेल तेवढंच खायचं, बाकी काही घ्यायचं नाही. मामांना वाटलं, हे व्रत आपल्या ताटासाठीच घेतलंय. ताट नेणं त्यांनी बंद केलं. बोलणंही तुटलं. सकाळी भिक्खूंची रांग निघाली की मामा विहाराच्या मागच्या बाजूला, आपल्या पत्र्याच्या खोलीत दार लावून बसत. तो रस्ता त्यांनी परत पाहिला नाही.

स्वयंपाक्याला जेवणारं माणूस राहिलं नाही, म्हणजे दिवस फार मोठा होतो. मामा एकट्यासाठी मूठभर भात टाकत आणि तोही उरायचा. भाषा येत नव्हती. संध्याकाळी नदीकडच्या अंगाला बाजार भरायचा, तिथं तेवढं जाऊन यायचे. तिथं खाम नावाची एक प्रौढ बाई भाजी, पिठं आणि गूळ विकायची. पोरं जेवत होती तेव्हापासूनची मामांची तिच्याशी ओळख. ती त्यांना ‘लुंग’ म्हणायची. लुंग म्हणजे काका, हे मामांना शेजारच्या कापडवाल्या सरदारजीनं सांगितलं होतं. तो सरदारजी आणि त्याची हिंदी, एवढाच मामांचा बोलण्याचा आधार होता.

एप्रिल उजाडला. समितीनं मामांना परत बोलावलं होतं. सोंगक्रानचा सण उरकला की विहारातला माणूस त्यांना बँकॉकच्या गाडीत बसवून देणार होता. सोपान अजून कितीतरी वर्षं इथंच राहणार होता. मामांचं वय पाहता ही भेट शेवटची ठरायचा संभव होता आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. जाण्याआधी एकदा सोपानच्या पोटात आपल्या हातची भाकरी जावी, एवढं मामांना फार वाटत होतं. पण व्रतामुळं त्याला आता एकच रस्ता होता, सकाळचा पात्राचा, आणि तो रस्ता पाहायचा नाही म्हणून तर ते दार लावून बसत होते.

सोंगक्रान म्हणजे तिकडचं नवीन वर्ष. तीन दिवस सगळं गाव एकमेकांवर पाणी ओततं. आपल्याकडची रंगपंचमी असते तसंच, फक्त रंग नाही. पोरं बादल्या घेऊन रस्त्याला उभी, म्हातारीकोतारी दारात तांबे घेऊन बसलेली. पहिल्या दिवशी मामा बाहेर पडले ते कोपऱ्यावरच नखशिखांत भिजले. ज्यानं पाणी टाकलं तो हसला आणि त्यानं हात जोडले. मामांनीही जोडले आणि ते धोतर पिळत परत आले.

दुसरा दिवस चौदा एप्रिल. बाबासाहेबांची जयंती. भोरला या दिवशी सकाळपासून लेझीम वाजत असणार, विंझर-वेल्ह्याकडून येष्टी भरून माणसं येत असणार आणि बोर्डिंगाच्या अंगणात खिरीची पातेली चढलेली असणार. ती कुणी चढवली असतील, या वर्षी गूळ बेतानं पडला असेल का, असं मामांच्या मनात येत राहिलं. त्यांनी ट्रंकेतून तसबीर काढली, खिडकीत ठेवली, मेणबत्ती लावली आणि त्रिशरण म्हटलं. विहारात माणसांची रीघ होती. लोक नदीवरून वाटीवाटीनं वाळू आणून अंगणात तिचे छोटे स्तूप रचत होते. एकजण मामांच्या खिडकीशी थांबला, तसबिरीकडे बघून त्यानं अदबीनं हात जोडले आणि निघून गेला. हे कोण, असं त्यानं विचारलं असतं तरी मामांना सांगता आलं नसतं.

उन्हं कलली तसा मामांनी सदरा चढवला आणि ते बाजाराला निघाले. भाकरी करून बघायची, एवढंच ठरलं होतं. ती कुणी खायची, ते ठरलं नव्हतं.

सणाचा बाजार नेहमीच्या दुप्पट भरला होता. दिव्यांच्या माळा, कागदी छत्र्या, चांदीच्या वाट्या, डोंगरातून उतरलेल्या बायकांनी चादरीवर मांडलेल्या मण्यांच्या माळा. कढयांतून वाफ उठत होती आणि सगळी वाट ओल्या मातीची झाली होती. माणसं घरच्यांना घेऊन आली होती. सासू, सून, काखेत पोर, अशी झुंडच्या झुंड एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर जायची. मामांना सारखं बाजूला व्हावं लागत होतं. ते वेल्ह्याच्या बाजारालाही एकटेच जायचे. पण तिथं निदान दोघंतिघं तरी विचारायचे, ‘काय मामा, आज हिकडं कुठं?’

खामच्या पाटीवर त्या दिवशी तांदळाच्या पिठाची रास होती. घरोघर केळीच्या पानात गूळखोबऱ्याचं सारण भरून गोड पदार्थ उकडतात, त्यासाठी गिऱ्हाईक लोटलं होतं. मामांनी चिमूटभर पीठ घेतलं, तळहातावर थेंबभर पाणी टाकून मळलं आणि मान हलवली. ते चिकट तांदळाचं पीठ होतं. बोटाला गोंदासारखं धरलं. त्याची भाकरी कशी व्हायची? त्यांना साधं पीठ हवं होतं. ते कसं सांगायचं म्हणून त्यांनी दोन्ही हात हवेत धरले आणि भाकरी थापल्यासारखे एकावर एक फिरवले. खामला वाटलं, लुंग आज खुशीत आहेत. तिनंही टाळ्या वाजवल्या. तिच्या मागं बसलेली तिची मुलगी हसून हसून वाकली.

“सरदारजी, जरा समजाव की इनको,” मामांनी हाक दिली. “चिपकनेवाला आटा नको. अलगवाला.”

सरदारजीनं दोन शब्दांत सांगितलं. खामनं पाटीखालून दुसरं गाठोडं काढलं. मामांनी तेही मळून पाहिलं. हे पीठ मोकळं होतं, चिरा गेल्या. उकड काढून मळलं तर भाकरी होणार होती.

ते पीठ बांधून घेत होते, तेवढ्यात खामची मुलगी चांदीची वाटी घेऊन पुढं आली. खामनं मामांना एका पेटीवर बसवलं. मुलगी समोर गुडघ्यावर बसली आणि तिनं खूण केली, हात पुढं करा. मामांनी केले. तिनं वाटी कलती केली आणि वरून पाण्याची बारीक धार त्यांच्या हातांवर धरली.

विंझरात मामांच्या लहानपणी विहिरीला हात लावायची सोय नव्हती. विहिरीपाशी जाऊन उभं राहायचं, कुणाला दया आली तर ती बाई वरून धार धरायची आणि आपण खाली ओंजळीनं प्यायचं. थेंब सांडला तर दुसऱ्यांदा मिळेल याचा भरवसा नसे. त्यामुळं बोटांत फट न ठेवता ओंजळ करायला ती पोरं फार लवकर शिकत. मामांच्या हातांनी ते त्यांना न विचारताच केलं. धार पडताच बोटं जुळली, ओंजळ भरली, पाठ वाकली आणि ते ते पाणी घटाघटा प्यायले.

पाण्याला शिकेकाईचा वास होता. नुसता वास नाही, ते शिकेकाईचंच पिवळसर पाणी होतं, वर कसल्याशा फुलांच्या पाकळ्या टाकलेलं. जीभ आवळली, घशात फेस झाला. मामांनी कसंबसं गिळलं आणि ओठावरची पाकळी काढली.

मुलगी वाटी तशीच धरून बघत राहिली. खामनं तोंडावर हात धरला. कापडाच्या गठ्ठ्यावरून सरदारजी म्हणाला, “ओ मामाजी, ये पीने का नहीं है. बड़ों के हाथ पे डालते हैं. अब आशीर्वाद दो लड़की को, वो बैठी है आप के लिए.”

“हाथ पे? कशाला?”

“साल में कोई गलती हुई हो तो माफ करो, ऐसा बोलती है. इज़्ज़त देती है आप को.”

मामांनी खाली पाहिलं. मुलीनं वाटी बाजूला ठेवली होती आणि हात जोडून, मान वाकवून ती खरोखरच थांबली होती. आजवर त्यांच्या ओंजळीत ज्यांनी वरून पाणी ओतलं, त्यांतलं कुणी त्यांच्यापुढं खाली बसलं नव्हतं. मामांनी ओला हात तिच्या डोक्याशी नेला, मधेच थांबवला, मग हळूच टेकवला आणि म्हणाले, “सुखी ऱ्हा, बाई.” तिला ते कळलं नसणार, पण तेवढ्यानं तिचं झालं. ती उठली आणि गिऱ्हाइकाला पीठ मोजू लागली.

मामा मात्र पेटीवरच बसून राहिले. हातातलं पाणी कोपरापर्यंत ओघळलं होतं. सगळा बाजार पुढून जात होता आणि कुणाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. धार तीच, ओंजळ तीच, आणि ही पोर गुडघ्यावर बसलेली. साळूबाईला हे सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती? तिनं बहुधा आधी विचारलं असतं, शिकेकाईचं पाणी पिऊन पोट तर दुखत नाही ना.

परत आले तेव्हा विहाराच्या अंगणात अजून पोरं वाळूत खेळत होती. सोपान त्याच्या खोलीच्या पायरीवर बसला होता. मामा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग खाली बसले, कपाळ टेकवून त्यांनी वंदन केलं. चीवर घेतल्यापासून त्यांनी ते एकदाही केलं नव्हतं. सोपान हलला नाही. भिक्खूनं हलायचं नसतं. पण त्यानं मांडीवरचे हात मुठी करून धरले.

“भन्ते,” मामा म्हणाले. भिक्खूंना म्हणायचा हा शब्दही त्याच्यासाठी पहिलाच. “उद्या सकाळी कोनत्या अंगानं जायाचं हाय?”

“आमी पुलाच्या बाजूनं जातो.”

“बाजाराच्या गल्लीनं न्हाई?”

“तिकडं दुसरी रांग जाती.” सोपाननं मामांजवळच्या पिठाच्या गाठोड्याकडं पाहिलं. “उद्या म्या तिकडल्या रांगेत जाईन. इचारून बघतो.”

“बघा,” मामा म्हणाले आणि उठले. दोन पावलं जाऊन परत वळले. “माजं आजून पटल्यालं न्हाई.”

“व्हय,” सोपान म्हणाला. “ठावं हाय मला.”

पहाटे मामांनी शेगडी पेटवली. तवा नव्हता, लोखंडी कढई पालथी घातली. उकड काढली, हात भाजेस्तोवर मळली. पहिली भाकरी मोडली. दुसरी चिकटली. मग कढईची धग कळली आणि भाकऱ्या उतरू लागल्या, पांढऱ्याशुभ्र, कडेला जराशा करपलेल्या. निखाऱ्यावर धरल्या की फुगत होत्या. किती केल्या ते त्यांनी पाहिलं नाही. पीठ संपलं तेव्हा थांबले. फडक्यात गुंडाळून त्या पोटाशी धरल्या आणि ते बाजाराच्या गल्लीत आले.

रात्रीच्या पाट्या झाकलेल्या होत्या. गल्लीच्या कडेनं माणसं ओळीनं चटया टाकून बसली होती, सणाचं दान म्हणून नेहमीपेक्षा जास्त. खामनं सरकून जागा दिली. मामांनी चपला काढल्या. बसावं की उभं राहावं, त्यांना कळेना. ते उभे राहिले.

रांग वळणावर दिसली तेव्हा त्यांचे पाय मागं सरले. सगळं तेच होतं. पात्र, अनवाणी पाय, दारोदार थांबणं. वाटलं, फडकं खामच्या हातात द्यावं आणि निघावं. पुढचे भिक्खू आले, थांबले, गेले. खाम वाढत होती. मग एक पात्र त्यांच्यासमोर येऊन थांबलं. झाकण उघडलं. ते धरणाऱ्या हातावर, अंगठ्याच्या बुडाशी, लहानपणी चुलीतल्या लाकडानं भाजल्याचा डाग होता.

सोपाननं काही म्हटलं नाही. नजर वर केली नाही. तो नुसता उभा होता, आणि हे मात्र त्यानं खरं सांगितलं होतं. द्यायचं का नाही, ते मामांच्या मनावर होतं.

मामांनी फडकं सोडलं. वरची भाकरी उचलली, आणि वरून टाकायची नाही म्हणून दोन्ही हात पात्रात खोल नेले, आतल्या भातापर्यंत, आणि भाकरी तिथं ठेवली. मग दुसरी ठेवली.

“गरम हाय,” ते हळू म्हणाले.

सोपान जितका वेळ इतरांपुढं थांबला होता, तितकाच थांबला. एखादा श्वास जास्त असेल, ते मामांना पुढं कधी नक्की सांगता आलं नाही. झाकण बसलं. पाय पुढं निघाले. त्याच्यामागून एक म्हातारे भिक्खू आले. मामांनी त्यांच्याही पात्रात भाकरी ठेवली. तो पांढरा चकतीसारखा पदार्थ पाहून त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. मग आणखी एक आला, मग आणखी एक, आणि फडक्यातल्या भाकऱ्या संपल्या.

खाम चटई गुंडाळू लागली. मामांनी मान वर करून गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. उजेड आता चांगला झाला होता. रांग विहाराकडे चालली होती, सगळ्यांची चीवरं एका रंगाची, सगळ्यांची डोकी सारखी, आणि पाठमोऱ्या त्या माणसांत आपला सोपान कोणता, ते मामांना काही केल्या ओळखू येईना.